सातासमुद्रापलीकडे दिलेले मूल

गेल्या वर्षी आषाढातली गोष्ट. रात्रीचा साक्षरता वर्ग सुटला. मंडळी घराकडे निघाली. एक बाई तेवढी मागे राहिली. ऊसतोडीला जाणारे कुटुंब. पदरात तीन मुली, धाकटी पाच महिन्यांची. मुकादमाकडून घेतलेली उचल अजून फिटलेली नव्हती. तिने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"गुरुजी, यावर अंगठा द्यायचा हाय. पण तुम्ही म्हणता, वाचल्याबिगर अंगठा द्यायचा न्हाई. म्हणून आणला."

"मग वाच की. आता तुला येतं वाचता," मी म्हणालो.

ती बोट ठेवून वाचू लागली. 'मी', 'माझी मुलगी', 'राजीखुशीने' इथपर्यंत गाडी नीट चालली. पुढे जोडाक्षर आले तशी ती अडली. 'मुलीवर माझा कोणताही ह... हक्क राहणार नाही.' तिने मान वर केली.

"हक्क ऱ्हानार न्हाई म्हंजे काय, गुरुजी?"

मग तिने सगळी हकीगत सांगितली. तालुक्याहून एक गृहस्थ दोनदा येऊन गेला होता. तो म्हणाला, तुमची पोर परदेशी जाईल. तिथे एका श्रीमंताला मूलबाळ नाही. तो तिला शिकवील, डॉक्टरीण करील. अठरा वर्षांची झाली की ती परत येईल. तोवर दरमहा तुम्हाला पैसे येत राहतील. आणि आज हातावर पंचवीस हजार!

"पण गुरुजी, ह्यात परत येन्याचं कुठंच लिवलेलं न्हाई," ती म्हणाली.

त्या रात्री मी तिला जे समजावून सांगितले, तेच आणि त्यात थोडी भर घालून इथे लिहितो.

पहिली गोष्ट ही की, दत्तक म्हणजे काय ते नीट समजून घ्यावे. मूल शिकायला मामाकडे ठेवणे म्हणजे दत्तक नव्हे. वसतिगृहात घालणे म्हणजेही दत्तक नव्हे. दत्तक दिले की मुलाचे आईबाप बदलतात. नाव बदलते, कूळ बदलते, वारसा बदलतो. परदेशी दिले तर भाषा आणि देशही बदलतो. आणि हे सगळे कायमचे असते. अठराव्या वर्षी परत पाठवण्याची अट कोणत्याही कायद्यात नाही. कोणी तसे सांगत असेल तर तो फसवतो आहे असे खुशाल समजा.

दत्तकाची चाल आपल्याकडे काही नवी नाही. झाशीच्या राणीचा दामोदरराव दत्तक, कोल्हापूरचे शाहू महाराजही दत्तक. पण तिथे गादीला वारस हवा होता. पोरक्या पोराला घर हवे, ही दृष्टी नंतरची. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी तिथे गुपचूप बाळंत व्हावे, पोराला मारू नये, म्हणून. तिथल्याच एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतला. तोच डॉक्टर यशवंत. १८७५ साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात बालकाश्रम उघडला. वारीच्या गावी सोडून दिलेली तान्ही बाळे तिथे वाढली. तेव्हा दत्तक ही गोष्टच वाईट, असे मी म्हणत नाही. ज्याला खरोखर कोणी नाही, त्याला आईबाप मिळणे यासारखे दुसरे पुण्य कोणते?

घोटाळा होतो तो निराळ्याच जागी. ज्याला आईबाप आहेत, त्याला कागदावर अनाथ करून पाठवले जाते, तिथे.

हे कसे घडते ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि विशेषतः १९५० ते १९५३ च्या कोरियाच्या लढाईनंतर, तिथली पोरकी मुले अमेरिकेत आणि युरोपात दत्तक जाऊ लागली. हेतू चांगला होता. पण लढाई संपली, देश सुधारला, कारखाने उभे राहिले, तरी मुले जाणे काही थांबले नाही. उलट वाढले. १९८५ या एका वर्षात दक्षिण कोरियातून आठ हजारांवर मुले बाहेर गेली. का? तर पाश्चात्य देशांत दत्तक घ्यायला लहान बाळे मिळेनाशी झाली होती, आणि मूल हवे असणारी जोडपी पुष्कळ होती. ती पैसे द्यायला तयार होती. जिथे गिऱ्हाईक आहे आणि पैसा आहे, तिथे माल शोधणारा माणूस उगवतोच. माल हा शब्द मुलाला लावताना मला बरे वाटत नाही, पण घडले ते तसेच.

कोरियात सरकारनेच नेमलेल्या सत्यशोधक आयोगाने २०२५ च्या मार्चमध्ये आपला निष्कर्ष सांगितला. ज्या मुलांचे आईबाप माहीत होते, त्यांच्या कागदावर 'सोडून दिलेले मूल' असे लिहिले होते. जायच्या आधी एखादे मूल दगावले, तर त्याच्याच नावावर दुसरे मूल पाठवले होते! त्या दुसऱ्या मुलाने पुढे मोठे होऊन आपली आई शोधायला निघावे, तर तिचा पत्ता लागावा कसा? त्याच वर्षी ऑक्टोबरात कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी या मुलांची जाहीर माफी मागितली.

आपल्या शेजारच्या श्रीलंकेची कथा अशीच. १९८० नंतरच्या दहा वर्षांत तिथून हजारो मुले युरोपात गेली. कितीएक वेळा कोर्टापुढे खरी आई उभीच केली नाही. कोणीतरी भाड्याची बाई आई म्हणून उभी राहिली आणि "मी राजी आहे" असे सांगून गेली. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा लहानसा देश आहे. २००७ साली तिथून एकट्या अमेरिकेत चार हजारांवर मुले गेली. शेवटी बोभाटा इतका झाला की २००८ पासून नवे दत्तक बंद करावे लागले.

आफ्रिकेतल्या चाड देशातला प्रकार तर ऐकण्यासारखा आहे. २००७ च्या ऑक्टोबरात फ्रान्समधली एक मदत संस्था १०३ मुलांना विमानात बसवून नेणार होती. शेजारच्या सुदानमधल्या लढाईत पोरकी झालेली जखमी मुले, असे संस्थेचे म्हणणे. काहींच्या हातापायाला पट्ट्या बांधलेल्या. सरकारी माणसांनी विमान उडायच्या आत अडवले. पट्ट्या सोडून पाहतात तो खाली जखमच नाही! चौकशी केली तेव्हा बहुतेक मुले चाडमधलीच निघाली, आणि त्यांचे आईबाप जिवंत होते. आईबापांना काय सांगितले होते? मुलांना शाळेत घालतो म्हणून. म्हणजे आमच्या तालुक्याच्या गृहस्थाने जी थाप मारली, तीच. देश निराळा, कातडीचा रंग निराळा, थाप मात्र एकच.

आपला देशही यातून सुटलेला नाही. १९९९ आणि २००१ साली हैदराबादेत काही दत्तक संस्थांवर धाडी पडल्या. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या लंबाडा तांड्यांवरून, म्हणजे आपण ज्यांना लमाण किंवा बंजारा म्हणतो त्यांच्या वस्त्यांवरून, तान्ह्या मुली गोळा केल्या होत्या. आईच्या हातावर थोडे पैसे ठेवायचे, कागदावर अंगठा घ्यायचा, आणि पुढे तीच मुलगी परदेशी देऊन मोठी रक्कम घ्यायची. चेन्नईत तर झोपडपट्टीतली खेळती मुले पळवून नेली आणि ती एका संस्थेमार्फत परदेशी दत्तक गेली. घेणाऱ्या आईबापांना याची कल्पनाही नव्हती. त्यांनी कागद पाहिले, कागदावर शिक्के होते. आणि इकडे आई मुलाचा फोटो घेऊन पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होती. आपल्या पुण्यातही एका संस्थेच्या कारभाराची चौकशी २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने सीबीआयकडे सोपवली होती.

इथे एक शंका कोणीही काढील. आमच्या वर्गातल्या पाटील आजोबांनी काढलीच. ते म्हणाले, "गुरुजी, पोर इथं उपाशी मरण्यापेक्षा तिकडं सुखात वाढली तर बिघडलं काय?"

शंका खोटी नाही. पुष्कळ मुले तिकडे प्रेमाने वाढली, शिकली, नावारूपाला आली. पण आजोबा, गरिबी हा काही आईबापांचा गुन्हा नव्हे, की ज्याची शिक्षा म्हणून मूल काढून घ्यावे. त्या घराला शंभर रुपयांची मदत हवी असते. ती न देता दुसऱ्याच्या खिशातून लाख रुपये घेऊन मूल हलवायचे, ही मदत कसली? आणि दुसरे असे की, मूल मोठे झाल्यावर विचारते. परदेशी वाढलेली अशी कितीतरी तरुण माणसे आज मुंबईत, पुण्यात येतात. आरशात पाहिले की कळते, आपण या घरच्या माणसांसारखे दिसत नाही. मग आपण कोणासारखे दिसतो? एवढे एकच पाहायला ती हजारो मैल येतात. जुन्या संस्थेच्या दारात उभी राहतात. वही उघडली जाते. आईच्या नावापुढे रेघ मारलेली असते, नाहीतर लिहिलेले असते, 'माहीत नाही'. स्वित्झर्लंडमध्ये भारतातून दोन हजारांवर मुले दत्तक गेली. तिथल्या दोन प्रांतांनी अभ्यासकांकडून जुनी दप्तरे तपासून घेतली. २०२४ साली अहवाल आला. तपासलेल्या मुलांपैकी एकाच्याही दप्तरात जन्मदात्या आईच्या संमतीचा कागद सापडला नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. मूल परदेशी गेले म्हणजे तिथले नागरिक झाले, असे पूर्वी आपोआप होत नसे. अमेरिकेत घेणाऱ्या आईबापांनी निराळा अर्ज करावा लागे. काहींनी तो केलाच नाही. ती मुले मोठी झाली, लग्ने केली, आणि काही गुन्हा घडला तेव्हा सरकार म्हणाले, तुम्ही इथले नव्हेतच. काहींना उचलून जन्मदेशी पाठवून दिले. तिथे ना ओळखीचे माणूस, ना भाषा येत. अमेरिकेने २००० साली कायदा करून ही चूक सुधारली, पण जी मुले तोवर अठरा वर्षांपुढे गेली होती त्यांना तो कायदा लागू केला नाही.

आता आपल्या कायद्याकडे वळू. पूर्वी परदेशी माणसाला भारतात दत्तक घेण्याची सोयच नव्हती. तो जिल्हा न्यायालयातून मुलाचा पालक म्हणून हुकूम घेई, मूल घेऊन जाई, आणि दत्तकविधान आपल्या देशात करी. मधल्या मधे काय घडले हे पाहणारे कोणी नव्हते. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. परदेशी जाणाऱ्या मुलांचे हाल होतात, त्यांचा बाजार मांडला आहे, असे त्यात होते. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. एका पत्रात एवढी ताकद असते, हे वर्गातल्या मंडळींनी ध्यानात घ्यावे. १९८४ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला आणि पहिल्यांदाच नियम घालून दिले.

पुढे १९९० साली दिल्लीत दत्तकाचे काम पाहणारी मध्यवर्ती सरकारी संस्था निघाली. तिला थोडक्यात 'कारा' म्हणतात. नावाने दचकू नका, तिचा तुरुंगाशी काही संबंध नाही. १९९३ साली हॉलंडमधल्या हेग शहरात अनेक देशांनी मिळून करार केला. भारताने तो २००३ साली मान्य केला. त्या कराराचे सार अगदी साधे आहे. मूल आधी त्याच्या स्वतःच्या आईबापांकडे राहावे. ते अगदीच अशक्य असेल तर त्याच्याच देशात घर शोधावे. तेही नाही मिळाले, तरच परदेश. आणि या कामात कोणी गैरवाजवी नफा कमवू नये.

२०१५ चा बाल न्याय कायदा हेच सांगतो. मूल दत्तक द्यायला मोकळे झाल्यावर आधी साठ दिवस भारतातले किंवा परदेशी राहणारे भारतीय आईबाप शोधायचे. तोवर परकीयाकडे बोलायचे नाही. म्हणूनच आज चित्र पालटले आहे. २०२४-२५ या वर्षात काराच्या मार्फत ४,५१५ मुले दत्तक गेली. त्यांपैकी ४,१५५ देशातच राहिली. परदेशी जाणाऱ्यांत आजारी, अपंग किंवा वयाने मोठी मुले पुष्कळ असतात. इकडे कोणी त्यांना घेत नाही. तिकडची माणसे घेतात, औषधपाणी करतात. याबद्दल त्यांना हात जोडावेत आणि आपण थोडी लाजही धरावी. आपल्या लोकांना तान्हे, गोरेगोमटे, धडधाकट पोर हवे असते. भाजी निवडावी तसे.

कोणाला खरोखरच मूल सांभाळणे अशक्य झाले, तर वाट कोणती? ती वाट कोणा गृहस्थाच्या पिशवीतून जात नाही. प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. आईबापांनी तिच्यापुढे जावे. समिती आधी विचारते, का देता? मदत मिळाली तर ठेवाल का? तरीही द्यायचेच असेल, तर समितीपुढे कागद होतो. आणि त्यानंतर दोन महिने मुदत असते. या मुदतीत आईचे मन पालटले तर तिला मूल परत मागता येते. कुमारी माता असो की विधवा, तिचे नाव गुप्त ठेवतात. नाइलाजाने मूल सोडणाऱ्या आईला गुन्हेगार धरीत नाहीत. मूल उकिरड्यावर टाकण्याची काही गरज नाही, अनेक बालगृहांच्या दारात पाळणा ठेवलेला असतो.

सापडलेल्या मुलाचे आईबाप शोधण्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. शोध लागला नाही तरच समिती त्याला दत्तकासाठी मोकळे ठरवते. दत्तकाचा शेवटचा हुकूम देण्याचा अधिकार २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्याला दिला आहे. परदेशी गेलेल्या मुलाची खुशाली तिथल्या संस्थेने दोन वर्षे कळवायची असते. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. परदेशात राहणाऱ्या भावाने किंवा नणंदेने आपले मूल दत्तक घेतले, तरी काराचा ना-हरकत दाखला लागतोच. घरचीच माणसे आहेत म्हणून तो चुकत नाही.

आणि पैसा? आईच्या हातावर एक रुपयाही ठेवता येत नाही. मूल विकणे किंवा विकत घेणे याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. दवाखान्यातल्या माणसाने किंवा ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने हे केले, तर शिक्षा तीन ते सात वर्षे. हे घेणाऱ्यालाही लागू आहे आणि देणाऱ्यालाही. ते पंचवीस हजार घेतले असते तर आमची बाई स्वतःच गुन्ह्यात अडकली असती. तो गृहस्थ हे काही तिला सांगणार नव्हता.

संकटाच्या वेळी तर फार जपावे. २०२१ साली करोनाने घरेच्या घरे रिकामी केली. तेव्हा कित्येकांच्या मोबाईलवर निरोप फिरत होते: दोन दिवसांची मुलगी आहे, आईबाप गेले, कोणाला हवी असल्यास या नंबरवर बोला. वाचणाऱ्याला दया यायची आणि तो तो निरोप पुढे पाठवायचा. सरकारला सांगावे लागले की असे मूल देणे आणि घेणे बेकायदा आहे. असे मूल दिसले तर १०९८ या क्रमांकावर फोन करावा. पैसे पडत नाहीत. रात्री अपरात्रीही कोणीतरी उचलते.

आता बाईचे काय झाले, ते सांगतो. दुसऱ्या दिवशी ती, तिचा नवरा, अंगणवाडीच्या ताई आणि मी असे चौघे जिल्ह्याला समितीपुढे गेलो. नवरा सबंध वाटेत एक अक्षर बोलला नाही. समितीतल्या बाईंनी त्याला विचारले, "तुम्हाला मुलगी द्यायची आहे का?" तो बराच वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "द्यायची न्हाई वो. पर तिघींना घेऊन फडावर जायाचं कसं?"

प्रश्न होता तो एवढाच. थोरल्या दोघींची व्यवस्था आमच्याच शाळेच्या हंगामी वसतिगृहात झाली. आईबाप ऊस तोडायला गेले की तिथे मुलांना जेवणखाण मिळते आणि शाळाही बुडत नाही. दोघी आजीजवळ निजतात. कागद समितीने ठेवून घेतला आणि पोलिसांना कळवले. त्या गृहस्थाने सांगितलेले नाव खोटे निघाले. तो अजून सापडलेला नाही. दुसऱ्या गावात तो दुसऱ्या नावाने फिरत असेल.

दसऱ्यानंतर टोळी निघाली तेव्हा धाकटी आईच्या कडेवर होती. बाईने जाताना वही मागून घेतली. फडावर जोडाक्षरे गिरवीन म्हणाली. परवा तिचे पत्र आले. अक्षर वाकडे आहे आणि दोन ठिकाणी काना राहिला आहे. धाकटीला दोन दात आले, असे लिहिले आहे.